ओठ उन्हाने काळे पडतात का

आयुष्यात एकाच माणसावर मी मनापासून सूड उगवला आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी मी शहाणा झालो असेन, रडून मोकळा झालो असेन, अशी आशा वाचणाऱ्याने ठेवू नये. ज्यांच्यावर उगवला ते एक निवृत्त मास्तर होते आणि हत्यार म्हणून मी फक्त वैशाखातलं ऊन वापरलं.

मी जमीन मोजायचो. नव्वदीच्या दशकात बडोद्यात या कामाला एकदम बरकत आली होती. परदेशी कंपन्यांचा हात धरून नवे कारखाने उभे राहत होते आणि कालपर्यंत जिथे तूर आणि कपाशी होती तिथे आज कुंपणाच्या खुंट्या ठोकायच्या होत्या. शहराच्या उत्तरेला सावली नावाचं तालुक्याचं गाव आहे, माझं बरंचसं काम त्या बाजूला असे. गावाचं नाव सावली आणि आम्ही मोजायचो त्या माळावर झाड औषधालाही नाही. सकाळी तिपाईवर दुर्बीण चढवली की दिवस कलेपर्यंत मी उघड्यावर. डोक्यावर एक टोपी, बाकी सगळं उन्हाच्या हवाली.

त्याला कारण होतं. आमच्या घरात पुरुषाने उन्हाला जपणं कमीपणाचं मानलं जाई. वडिलांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. वडील स्वतः एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पंख्याखाली बसून नोकरी करत, पण बोलणं असं की कालच घोड्यावरून उतरलेत. धाकटी बहीण कॉलेजला मोपेडवर जायची. निघताना तिचा थाट बघण्यासारखा असे. आधी मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमधली क्रीम तोंडाला आणि मानेला, मग ओढणीची बुकानी, म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं तोंड गुंडाळून मानेमागे मारलेली गाठ, मग गॉगल, मग कोपराच्याही वर जाणारे पांढरे हातमोजे. तेव्हा मांजलपुरात आमच्या सोसायटीतल्या सगळ्याच मुली अशा निघायच्या आणि कोण कुणाची हे फक्त गाडीवरून ओळखता यायचं. वडील तिला म्हणायचे, "दरोडा घालायला निघालीस का?" पण तिला कधी अडवलं नाही. मुलीचा रंग जपायला हवा हे त्यांना मान्य होतं. तीच ट्यूब एकदा मी हातात घेतली तर म्हणाले, "आता बांगड्याही भर."

ऊन आधी माझ्या ओठांवर उतरलं. खालचा ओठ सुकायचा, मग सोलायचा, मग मधोमध चिरायचा, आणि मी वेड्यासारखा त्यावरून जीभ फिरवत राहायचो. जीभ फिरवली की घटकाभर बरं वाटतं आणि नंतर दुप्पट आग होते. आई झोपताना बेंबीत तेल घालायला लावी आणि ओठांना तूप चोळी. तूप सकाळपर्यंत टिकायचं, ऊन दुपारी असायचं. दोन-तीन उन्हाळ्यांत माझे ओठ जांभळट काळे झाले आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. मुलगी बघायला गेलो तोपर्यंत वाटलं नाही.

मुलीचं घर घडियाळी पोळात होतं, पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाटीची गल्ली. तिचे वडील लहानपणीच गेले होते आणि मोठ्या काकांनी तिला वाढवलं होतं. हे काका म्हणजेच मास्तर. त्यांचं घराणं संस्थानच्या कारभाऱ्यांचं. भिंतीवर पगडीवाले दोन पूर्वज आणि कपाटात बांधीव पुस्तकं. माझे वडील त्या घरात गेल्यापासून खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, कारण आमच्या पूर्वजांनी त्यांच्या पूर्वजांना सलाम ठोकले होते आणि ती सवय तीन पिढ्यांनंतरही आमच्या अंगातून गेली नव्हती.

मुलगी लिंबाचं सरबत घेऊन आली. मला ती आवडली, हे खोटं कशाला बोलू. मी पेला तोंडाला लावला आणि चिरलेल्या ओठाला लिंबू असं झोंबलं की माझ्या तोंडून 'स्स' आलं आणि मी रुमालाने ओठ टिपला. मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माणसाकडे नाही, तोंडाकडे.

"विडी की सिगारेट?" त्यांनी विचारलं.

"मी ओढत नाही, काका."

"ओठ तर सांगताहेत."

"दिवसभर उन्हात असतो. उन्हानं झालंय."

मास्तर हसले. वर्गात खोटं बोलताना पकडलेल्या पोराकडे बघून हसतात तसे. "उन्हानं कातडी रापते. ओठ रापत नाहीत. ओठ धुरानंच काळे पडतात. शाळेत आयुष्यभर पोरांची तोंडं तपासली आहेत मी."

दारात त्यांची बायको उभी होती, तिनेही ऐकलं. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि ट्रे उचलून आत गेली. पुढे कांदेपोहे आले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पण निकाल तेव्हाच लागला होता. 'योग नाही' हा निरोप आला तो निव्वळ रीत म्हणून.

स्कूटरवर वडील माझ्या मागे बसले होते. पोळातून बाहेर मोठ्या रस्त्याला लागलो. मग म्हणाले, "मला आधी सांगायचंस."

"काय?"

"ओढतोस ते."

"बाबा, मी ओढत नाही."

"ते लोक उगाच बोलणार नाहीत."

माझे आजोबा विड्या ओढत खोकून खोकून गेले होते. लहानपणी त्यांच्यासाठी विड्या आणायला वडिलांनाच दुकानात पाठवत आणि आपणच बापाला मरण आणून दिलं असं वडिलांच्या मनाने घेतलं होतं. तंबाखू हा शब्दसुद्धा आमच्या घरात चालत नसे. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या संतापाचं मला नवल वाटलं नाही. पण तो संताप त्यांनी माझ्यावर काढला तो एका परक्या माणसाच्या बोलण्यावरून, माझा शब्द बाजूला सारून. त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलेनासे झाले. मुलगी गेल्याचं दुःख मला झालं, नाही असं नाही, पण तशा दुःखावर काळ हा उतारा आहे. बापाने आपल्याला खोटारडा ठरवावं, त्यावर मला कुठलाच उतारा सापडत नव्हता. मला बाकी काही नको होतं. वडिलांनी एकदा म्हणावं, 'तू ओढत नाहीस, मला माहीत आहे', एवढंच हवं होतं.

घरातलं बोलणं आईमार्फत सुरू झालं. "त्याला सांग, गॅसचा नंबर लावायचाय." "बाबांना विचार, स्कूटर हवी आहे का." आम्ही दोघं एकाच खोलीत आणि आई मधे. एकदा सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आलो तर वडील खुंटीवरचा माझा शर्ट नाकाला लावून उभे होते. मला बघून त्यांनी तो परत अडकवला, घाईसुद्धा केली नाही. शर्टाला घामाशिवाय कसला वास येणार. तर आईने नंतर निरोप दिला, "ते म्हणतात, तू वरियाळी खाऊन वास मारतोस." वरियाळी म्हणजे बडीशेप. जेवणानंतर चिमूटभर खायचो ती त्या दिवसापासून सोडली.

मास्तरांवर मी डूख धरला तो तेव्हा. रात्री अंथरुणावर पडलो की त्यांचं ते हसू डोळ्यांपुढे यायचं आणि मी त्यांना द्यायची उत्तरं जुळवत बसायचो. एकाहून एक जहरी उत्तरं, सगळी वाया.

बहिणीने एक दिवस मला आरशासमोर बसवलं. "दादा, बाबा जाऊ देत खड्ड्यात. तू ओठ नीट कर," म्हणाली. तिने मला सुती पंच्याची बुकानी बांधायला शिकवली, नाकावरून कशी घ्यायची आणि श्वासाला जागा कशी ठेवायची ते. क्रीम घरातून निघायच्या आधी लावायची, उन्हात पोचल्यावर नाही, हे शिकवलं. ओठांसाठी तिने एक चपटी डबी आणून दिली, आत मेणासारखं मलम, उन्हापासून वाचवणारं. ही नवीनच आली होती. "सकाळी लावून दुपारी विसरायचं नाही. पाणी प्यायलास, जेवलास, की परत लाव. आणि जीभ फिरवायची नाही. जिभेनंच जास्त वाट लागते." मी ऐकलं. साइटवरचे लोक माझ्या डबीवरून खूप हसले, लिपस्टिक कुठल्या रंगाची म्हणून विचारायचे. त्यांना हसू दिलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. ओठांच्या चिरा भरल्या, साल निघायची थांबली आणि काळेपणा हळूहळू उतरला. एका संध्याकाळी जेवताना वडिलांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, आता कळलं यांना. वडील आईला म्हणाले, "सोडलेली दिसते."

त्यांच्या आवाजात समाधान होतं. मी ताटावरून उठलो. ओठ काळे होते तेव्हा ते विडी ओढल्याचा पुरावा होते, आणि बरे झाले तर विडी सोडल्याचा. या हिशेबात निर्दोष माणसाला जागाच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात दैवाने मास्तरांना माझ्या पुढ्यात आणून उभं केलं. तेव्हा पोळांतली माणसं जुनी अंधारी घरं सोडून मोकळ्या सोसायट्यांत निघाली होती. अशाच एका नव्या सोसायटीने मांजलपूरच्या पलीकडे शेतजमीन घेतली होती आणि तिचे प्लॉट पाडून द्यायचं काम आमच्या साहेबांकडे आलं. मी सकाळी साइटवर गेलो तर पांढरा लेंगा-सदरा, काळी टोपी घालून सोसायटीचे सेक्रेटरी हजर. मास्तरच. आमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मोजणी संपेपर्यंत रोज जातीने उभं राहणार होते.

मी बुकानीत होतो. गॉगल, टोपी, नाकावरून पंचा. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायला ते माणसांचे चेहरे बघत होतेच कधी.

लग्नसराई होती. पट्टी धरणारा आमचा माणूस गावी गेला होता आणि बदली माणूस दुपारीच मिळणार होता. ही पट्टी म्हणजे पुरुषभराहून बरीच उंच, लाल-काळे आकडे रंगवलेली फळी. एकाने ती लांब उभी धरायची आणि दुसऱ्याने दुर्बिणीतून आकडे वाचायचे. मी मास्तरांना म्हणालो, "काका, मोजणीचं सगळं या पट्टीवर असतं. जरा कलली की एखाद्याचा प्लॉट शेजाऱ्याच्या घशात. सरळ धरणारा माणूस मिळणं कठीण झालंय हल्ली."

"द्या इकडे," मास्तर म्हणाले.

दुपारी बदली माणूस आला तेव्हा त्याला त्यांनीच परत पाठवलं. दुसऱ्याच्या हातात पट्टी द्यायची त्यांची छाती होईना. त्याला मी खुंट्या ठोकायला लावलं. आणि मग मोजणी संपेपर्यंत रोज सकाळपासून मास्तर दोन्ही हातांनी पट्टी धरून त्या उघड्या शेतात उभे राहिले. तोंड पुसायलाही हात मोकळा नाही. ऊन वरून, आणि खालच्या पांढऱ्या मातीवरून परतून पुन्हा वर. टोपीचा खालून येणाऱ्या उन्हाला काय उपयोग? मी दुर्बिणीतून बघायचो तेव्हा पट्टीच्या शेजारी त्यांचं तोंड अगदी हाताच्या अंतरावर दिसायचं. आकडे वाचून झाले तरी मी बघत राहायचो. "जरा तसेच थांबा काका, पुन्हा एकदा घेतो," असं दर ठिकाणी म्हणायचो. मोजणीत मी तसूभरही खोट केली नाही. उलट इतकी चोख मोजणी मी जन्मात केली नसेल.

पाणी वेळेवर द्यायचो. मास्तरांना उन्हात पाडायचं नव्हतं मला, फक्त काळं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा खालचा ओठ सुकला. तिसऱ्या दिवशी ते जीभ फिरवायला लागले. मी दुर्बिणीतून ते पाहिलं आणि मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. दर थोड्या वेळाने जीभ बाहेर यायची, डावीकडून उजवीकडे, आणि आत जायची. एका वाक्यात मी त्यांना थांबवू शकलो असतो. दुपारी आम्ही शेताच्या कडेला डबा खायला बसलो तेव्हा मी पाठ वळवून पंचा खाली केला, जेवलो, आणि डबी काढून ओठांना मलम लावलं. हातातली डबी त्यांना मागून दिसली.

"काय लावता ते?"

"औषध आहे. डॉक्टरांनी माझ्यापुरतं दिलंय."

"पुरुषमाणसानं काय ही थेरं," ते म्हणाले आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मी डबी खिशात घातली.

शेवटची खुंटी ठोकून झाली तेव्हा त्यांचा खालचा ओठ सोलला होता आणि मधोमध रक्ताची रेघ होती. मी टोपी काढली, गॉगल काढला, बुकानीची गाठ सोडली आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. "ओळखलंत, काका?"

ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला. माझ्या ओठांवरून मग त्यांची नजर फिरली. "हं. सुटली वाटतं," ते म्हणाले.

त्या वेळी जर त्यांनी नुसतं 'माझं चुकलं असेल' म्हटलं असतं तर मी खिशातली डबी त्यांच्या हातात ठेवली असती. असं मला वाटतं तरी. मी म्हणालो, "पावसाळ्यापर्यंत आरशात बघत राहा."

पाऊस अजून पडायचा होता तेव्हाच एका संध्याकाळी वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि आईला मधे न घेता बोलले. वर्षभरानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. "उद्या माझ्याबरोबर पोळात यायचंय."

मास्तरांनी त्यांना मुद्दाम गाठलं होतं. मास्तरांचे ओठ बरे व्हायचे सोडून दिवसेंदिवस काळे पडत चालले होते. गणपती मंडळात व्यसनमुक्तीवर दर वर्षी भाषण ठोकणारा माणूस, आता त्यांचेच जुने विद्यार्थी वाटेत अडवून विचारत, "सर, कुठली ओढता?" ते एक वेळ चाललं असतं. पण त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आयुष्यभर त्यांचं एक वाक्य वेदासारखं मानलं होतं आणि आता त्या वाक्याप्रमाणे नवराच दोषी ठरत होता. काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. खुंट्या ठोकणारा बदली माणूस कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा मोजणीच्या वेळी ते उन्हात होते याला साक्षीदार उरला एकच, मी.

"तू काकूंना फक्त सांगायचंस, उन्हानं झालंय म्हणून," वडील म्हणाले. "तू होतास तिथे."

"त्यांचे उन्हानं काळे झाले?"

"मग कशानं? त्यांच्या घराण्यात कुणी विडीला हात लावेल का?"

"आणि माझे कशानं झाले होते, बाबा?"

वडिलांनी नजर बाजूला घेतली. "तुझं वेगळं," म्हणाले.

मी रात्रभर जागा होतो. एक 'हो' म्हटलं असतं तर मास्तर सुटले असते, आणि वडिलांना थोडी जरी अक्कल असती तर त्याच 'हो'ने मीही सुटलो असतो. पण 'तुझं वेगळं' ऐकल्यावर त्या आशेत काही राम उरला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोळातल्या त्या घरात तेच पगडीवाले भिंतीवर होते आणि वडील पुन्हा खुर्चीच्या काठावर. ती मुलगी लग्न होऊन केव्हाच सासरी गेली होती. मास्तर कोपऱ्यात बसले होते. ओठ माझ्या तेव्हाच्या ओठांपेक्षाही काळे, आणि कडेची कातडीसुद्धा चाटून चाटून काळवंडलेली. काकू झोपाळ्यावर ताठ बसल्या होत्या.

"चहा नंतर ठेवते," काकू मला म्हणाल्या. "आधी सांगा. हे म्हणतात, तुमच्या मोजणीत उन्हानं ओठ असे झाले. खरं का?"

मी मास्तरांकडे वळलो. "काका, आधी तुम्ही सांगा. गेल्या वर्षी माझे ओठ कशानं काळे होते? माझ्या वडिलांसमोर सांगा. मग मी सांगतो."

"तो विषय आज नको," मास्तर म्हणाले.

"आजच हवा."

"अरे, सांगून टाक ने," वडील मधे पडले. "मोठ्या माणसाला किती बोलायला लावशील?"

मास्तरांनी पूर्वजांकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि शेवटी सदऱ्याची घडी सारखी करत म्हणाले, "ते प्रकरण वेगळं होतं."

मग मी काकूंना म्हणालो, "काकू, उन्हानं कातडी रापते. ओठ रापत नाहीत. ओठ धुरानंच काळे पडतात."

वडिलांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. काकूंना ते वाक्य कुणाचं हे सांगावं लागलं नाही. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण ओठ चिरला असावा, कारण त्यांनी एकदम रुमाल तोंडाला लावला.

"म्हणजे एक तर तुम्ही ओढता," काकू सावकाश म्हणाल्या, "नाही तर त्या दिवशी या पोराबद्दल खोटं बोललात. दोन्हीपैकी कुठलं ते ठरवून मला सांगा. मी आत आहे."

त्या उठून आत गेल्या. चहा झाला नाही. त्या घराचा जिना मी असा उतरलो की पाय जमिनीला लागत नव्हते. वर्षभर अंथरुणात जुळवलेली सगळी उत्तरं फिकी पडली होती.

वडील मागे बसले. भर दुपार, रस्ते ओस. मांजलपूरच्या नाक्यावर म्हणाले, "गल्ल्यापाशी थांब."

गल्ला म्हणजे पानाची टपरी. वडिलांनी आयुष्यात कधी गल्ल्याची पायरी चढलेली मी पाहिली नव्हती. गल्लेवाल्यालाही नवल वाटलं असावं. "शुं आपुं, काका?"

"विडीनी जूडी. ने माचिस."

ती जुडी त्यांनी माझ्या हातात दिली. "तूच सांगितलंस ना काकूंना, धुरानंच होतात म्हणून? ओढ. माझ्यासमोर ओढ."

मी एक विडी काढली आणि तोंडात धरली. गल्लेवाला हसला. "ऊंधी पकडी, भाई." मी उलटी धरली होती. सरळ केली. काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. मी ओढलं आणि तो धूर घशात गेला तसा मला ठसका लागला. वाकलो, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास मिळेना. विडी कुठे पडली ते कळलं नाही. गल्लेवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला.

वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरे," ते म्हणाले. "तुला धरतासुद्धा येत नाही रे. तू कधीच ओढत नव्हतास."

जे ऐकायला मी वर्षभर जीव टाकत होतो ते हेच होतं. आणि ते ऐकून मला भडकायला झालं. मी तोंडाने किती वेळा सांगितलं होतं. आईने सांगितलं, बहिणीने सांगितलं. आमच्या कुणाचा शब्द चालला नाही आणि एका ठसक्यावर खटला निकालात. मी त्यांचा हात झटकला. "हे तुम्हाला मी गेल्या वर्षी पोळातून बाहेर पडलो त्याच दिवशी सांगितलं होतं," म्हणालो, स्कूटरला किक मारली आणि त्यांना गल्ल्यापाशी तसंच सोडून घरी आलो.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "हे कुठे?"

"नाक्यावर."

"या उन्हात चालत येणार?"

मी स्कूटर स्टँडवर चढवली. तिने सूप बाजूला ठेवलं, आतून छत्री आणली, चपला सरकवल्या. "वर्षभर ते बोलत नव्हते. आता तू बोलणार नाहीस," म्हणाली. "चालू दे तुमचं." आणि फाटक लावून निघून गेली.

नाक्यापासून आमच्या सोसायटीपर्यंतचा रस्ता तेव्हा नुकताच रुंद केला होता, दोन्ही बाजूंची झाडं तोडून. ओट्यावरून तो पार टोकापर्यंत दिसायचा. थोड्या वेळाने दोघं येताना दिसली. छत्री एकच होती, तीही लहान. आईने हात उंच करून ती वडिलांच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः पदर तोंडाला लावून उन्हातून चालत होती. वडील मान खाली घालून चालत होते, छत्री तिच्या हातून घेऊन तिच्यावर धरावी हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांचा मला इतका राग आला की तेवढा मास्तरांचाही कधी आला नव्हता. दोघं फाटकापाशी पोचली तोवर मी तिथेच उभा राहून बघत होतो, आणि स्कूटर माझ्या शेजारी उभी होती.